लोकसभेतला विरोधी सदस्य, त्याचा प्रश्न आणि आपले इंदूर

माळवी_मराठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. संसदेचे अधिवेशन सुरू झाले की विरोधी पक्षांच्या नेत्यांच्या भाषणांचे तुकडे आपल्या मोबाईलवर फिरू लागतात, ‘सरकारला धारेवर धरले’ असे मथळे त्यांना दिलेले असतात, आणि संध्याकाळपर्यंत कामकाज तहकूब झाल्याची बातमीही येऊन पोहोचते. भाषणांना माझा विरोध नाही. संसदेत उत्तम वक्तृत्व हवेच. पण मंत्र्याला खरोखर धाक कशाचा वाटतो असे कोणी विचारले, तर मी म्हणेन की अभ्यासपूर्वक विचारलेल्या प्रश्नाचा, आणि उत्तर मिळाल्यावरही पिच्छा न सोडणाऱ्या सदस्याचा. त्यासाठी हा धागा काढला आहे. इंदूरच्या मराठी मंडळींनी त्यात जरूर लिहावे, कारण आपल्या शहराचा या विषयाशी जुना संबंध आहे आणि आज तो फार अडचणीच्या जागी येऊन ठेपला आहे.

आधी कामकाजाची पद्धत थोडक्यात सांगतो. लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास, सकाळी ११ ते १२, प्रश्नोत्तरांचा असतो. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, आलेल्या सूचनांतून सोडत काढली जाते आणि दिवसाला २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्नांची यादी तयार होते. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर सदस्याला उपप्रश्न विचारता येतो. सारी मेख या उपप्रश्नात आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्याचे अधिकारी तोलूनमापून तयार करतात, त्यात एकही शब्द अधिक-उणा नसतो; उपप्रश्न मात्र मंत्र्याला आगाऊ कळलेला नसतो, आणि विषय त्याला स्वतःला किती समजला आहे हे त्या मिनिटभरात सगळ्या सभागृहासमोर उघड होते. प्रत्यक्षात त्या तासात २० पैकी मोजक्याच प्रश्नांची पाळी येते, म्हणून ज्या सदस्याची पाळी येते त्याने ती वाया घालवू नये, एवढी अपेक्षा मतदार म्हणून आपण ठेवू शकतो.

या आयुधाची ताकद दाखवणारे सर्वांत ठळक उदाहरण मुंध्रा प्रकरणाचे आहे. १९५७च्या सप्टेंबरात रामसुभग सिंह यांनी आयुर्विमा महामंडळाच्या खासगी कंपन्यांतील गुंतवणुकीबद्दल लोकसभेत प्रश्न विचारला, आणि उत्तर आले ते बगल देणारे. पण प्रश्न तिथे विरला नाही. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी तोच धागा उचलला आणि हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग महामंडळाने कसे घेतले, हे सभागृहापुढे तपशीलवार मांडले. न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. प्रश्न विचारणारे दोघेही सत्ताधारी काँग्रेसचेच सदस्य होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे १९६९ मध्ये काँग्रेस फुटल्यावर हेच रामसुभग सिंह लोकसभेचे पहिले अधिकृत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेते झाले.

आज सत्ताधारी बाकांवरून असा प्रश्न येण्याची शक्यता फारच कमी आहे. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्याला मतदानापुरतेच बांधलेले असले, तरी त्याची सावली त्याच्या बोलण्यावरही पडली आहे. म्हणून सरकारला जाब विचारण्याचा जवळजवळ सगळा भार विरोधी सदस्यांवर येऊन पडला आहे, आणि ते हे काम कसे करतात याकडे आपण पूर्वीपेक्षा अधिक बारकाईने पाहायला हवे, मग केंद्रात सत्ता कोणत्याही पक्षाची असो.

आता आपल्या शहराविषयी. १९६२ साली इंदूरने होमी दाजींना अपक्ष म्हणून लोकसभेवर पाठवले. ते कम्युनिस्ट विचारांचे पारशी गृहस्थ, गिरणी कामगारांचे पुढारी, आणि त्यांचा खरा आधार मालवा मिल, परदेशीपुरा, पाटणीपुरा या कामगार वस्त्यांत होता. त्याच तिसऱ्या लोकसभेत नर्मदेकाठच्या होशंगाबादहून हरी विष्णू कामत, राजापूरहून नाथ पै आणि १९६४च्या पोटनिवडणुकीनंतर बिहारमधल्या मुंगेरहून मधू लिमये होते. संख्येने विरोधी पक्ष किरकोळ होते. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर मांडलेला पहिला अविश्वास प्रस्ताव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. पण त्याच सुमारास डॉ. लोहियांनी सामान्य माणसाच्या रोजच्या तीन आण्यांच्या मिळकतीचा प्रश्न उभा केला, पंतप्रधानांनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला, आणि देशातले दारिद्र्य आकड्यांत मोजण्याची चर्चा संसदेत शिरली ती पुन्हा बाहेर गेली नाही. मते नसतानाही विरोधी पक्ष केवढे काम करू शकतो, याचा हा पुरावा आहे.

आणि २०२४ साली याच इंदुरात काय घडले? अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली, भाजपचे शंकर लालवानी सुमारे ११ लाख ७५ हजार मतांच्या फरकाने निवडून आले, आणि २ लाख १८ हजारांहून अधिक मतदारांनी ‘नोटा’चे बटण दाबले. त्या सव्वादोन लाखांच्या आसपासच्या मतदारांचा दिल्लीत कोणी नाही, असे मी अनेकांकडून ऐकतो. मला हे पटत नाही. लोकसभेचा सदस्य एका मतदारसंघातून निवडून येत असला तरी प्रश्न तो साऱ्या देशाविषयी विचारू शकतो. केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयावर इंदूरच्या माणसाची अडचण सांगलीच्या, कोल्हापूरच्या किंवा तमिळनाडूतल्या कोणत्याही विरोधी सदस्याला मांडता येते. आपण त्या सदस्यांपर्यंत नीट तयार केलेला प्रश्न पोहोचवतो का, एवढेच पाहायचे आहे. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहा.

रामबागकर

लेख मनापासून वाचला, पण काही गोष्टी पटल्या नाहीत, त्या स्पष्ट लिहितो.

प्रश्नोत्तरांच्या तासाची आपण एवढी थोरवी गाता, तर तो तास सर्वांत जास्त वेळा कोण बुडवते? फलक घेऊन हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरणारे सदस्य विरोधी बाकांवरचेच असतात. हे आजचेच नाही. २०१० चे हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणाच्या संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळजवळ पूर्ण वाया गेले, तेव्हा विरोधात भाजप होता. म्हणजे जो पक्ष विरोधात बसतो तो हेच करतो आणि जो सत्तेत बसतो तो त्यावर अश्रू ढाळतो.

दुसरे असे की आपल्या शहराने १९८९ पासून सलग आठ वेळा भाजपच्या सुमित्राताई महाजनांना निवडून दिले. त्या सत्तेत होत्या तशा अनेक वर्षे विरोधी बाकांवरही होत्या. माळव्यातल्या रेल्वेचे प्रश्न असोत की विमानतळाचे, ताईंकडे कागद नेला की तो पुढे जातो असा आम्हा लोकांचा अनुभव होता. स्थानिक खासदाराचे दार सोडून कोल्हापूरच्या खासदाराला पत्र लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. सत्ताधारी खासदारही प्रश्न विचारू शकतात आणि विचारतात. लोकसभेच्या संकेतस्थळावर नाव घालून शोधले की त्यांचे प्रश्न दिसतात.

लष्कर_ग्वाल्हेर

रामबागकर यांचा पहिला आक्षेप रास्त आहे. तरी त्याला एक दुसरी बाजू आहे, ती ग्वाल्हेरच्या उदाहरणाने सांगतो.

अटलजी आमच्या गावचे. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा ते राज्यसभेत होते, वय अवघे सदतीस-अडतीस, आणि जनसंघाचे संख्याबळ अगदी थोडे. युद्ध चालू असताना संसदेचे अधिवेशन लवकर बोलवावे अशी मागणी त्यांनी केली. पंडित नेहरूंनी ती मानली, ८ नोव्हेंबर १९६२ पासून अधिवेशन भरले आणि रणांगणावर माघार चालू असतानाच सरकारवर सभागृहात सडकून टीका झाली. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की अधिवेशन बोलावणे सर्वस्वी सरकारच्या हाती होते. त्यांनी नकार दिला असता तर त्या तरुण सदस्याचे वक्तृत्व कोणाला ऐकायला मिळाले असते?

आपल्याकडे अधिवेशन कधी, किती दिवसांचे, कोणत्या दिवशी कोणता विषय, हे बहुतांशी सरकार ठरवते. ब्रिटनच्या संसदेत एका सत्रात २० दिवसांचा विषय विरोधी पक्ष ठरवतात. आपल्याकडे तशी तरतूदच नाही. नेहमीचे कामकाज बाजूला ठेवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा स्थगन प्रस्ताव दिला तर तो बहुधा नामंजूर होतो, नियम १८४ खाली मतदानासह चर्चा मागितली तर नियम १९३ खाली मतदानाविना चर्चेवर बोळवण होते. सगळे सनदशीर दरवाजे बंद झाल्यावर माणूस हौद्यात उतरतो. मी गोंधळाचे समर्थन करत नाही. त्याचे मूळ कुठे आहे ते दाखवतो आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गौरव गोगोई यांनी मांडलेला अविश्वास प्रस्ताव आठवा. प्रस्ताव पडणार हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक होते. मणिपूरविषयी पंतप्रधानांनी सभागृहात बोलावे यासाठी तो मांडला गेला, कारण अविश्वास प्रस्तावाला पंतप्रधानांनीच उत्तर देण्याचा प्रघात आहे. एका विषयावर बोलते करण्यासाठी विरोधकांना सर्वांत मोठे हत्यार उपसावे लागते, यावरून बाकीची हत्यारे किती बोथट झाली आहेत ते कळते.

विधी_विद्यार्थिनी_इंदूर

लष्करकर काकांच्या मुद्द्यात काही आकडे घालते. १७व्या लोकसभेच्या (२०१९-२४) पाच वर्षांत २७४ बैठका झाल्या. पूर्ण मुदत पार पाडलेल्या लोकसभांत ही सर्वांत कमी संख्या आहे. त्या पाचही वर्षांत लोकसभेला उपाध्यक्ष नव्हता, वास्तविक राज्यघटनेच्या ९३व्या अनुच्छेदात ‘शक्य तितक्या लवकर’ निवड करावी असे म्हटले आहे, आणि हे पद विरोधी पक्षाला देण्याचा संकेत बरीच वर्षे पाळला गेला होता. समित्यांकडे जाणाऱ्या विधेयकांचे प्रमाण १५व्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के होते, ते १७व्या लोकसभेत १६ टक्क्यांवर आले. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोरोनाचे कारण देऊन प्रश्नोत्तरांचा तासच वगळण्यात आला. लेखी उत्तरे मिळत राहिली, पण ज्या उपप्रश्नाला धागाकर्त्यांनी मेख म्हटले आहे तोच त्या अधिवेशनात गेला.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते डिसेंबर २०२३ चे निलंबन. संसदेच्या सुरक्षेतील त्रुटीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे या मागणीवरून गोंधळ झाला आणि दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. १९८९ च्या मार्चमध्ये, काँग्रेसच्या राज्यातही, एकाच दिवशी ६३ सदस्य निलंबित झाले होते, त्यामुळे दोष एकट्या कोणा पक्षाच्या माथी मारता येत नाही. मात्र २०२३ मध्ये निलंबित सदस्यांच्या नावावरचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. सदस्याने शिस्त मोडली असेल तर शिक्षा त्याला व्हावी. प्रश्न मात्र कोण्या मतदाराचा, कोण्या गावाचा असतो, आणि सरकारने त्याचे उत्तर द्यायला काय हरकत होती?

रामबागकर काका, तुमच्या पिढीचा ताईंवरचा लोभ मी घरातही पाहिला आहे. लोकसभेच्या अध्यक्ष असताना, २०१५ साली, सदस्यांना विषय समजावून घ्यायला मदत व्हावी म्हणून त्यांनी संशोधन उपक्रम सुरू केला, ते काम चांगलेच होते. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँग्रेसचे २५ सदस्य पाच दिवसांसाठी निलंबित झाले तेही त्यांच्याच खुर्चीवरून. आपल्या शहराच्या व्यक्तीबद्दलचा आदर ठेवूनही या निर्णयावर मतभेद नोंदवता यावा असे मला वाटते.

सयाजीनगरी_वडोदरा

अध्यक्षांचा विषय निघाला म्हणून वडोद्याहून लिहितो. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म आमच्या बडोद्याचा, १८८८ सालचा, कर्मभूमी अहमदाबाद. विरोधी पक्षाला अधिकृत मान्यता मिळण्यासाठी सभागृहाच्या एक दशांश सदस्य असावेत हा दंडक त्यांच्या काळातला. त्यामागचा विचार असा होता की गणपूर्तीला एक दशांश सदस्य लागतात, तेव्हा निदान सभागृह चालू ठेवण्याइतके बळ तरी त्या पक्षाकडे असावे. २०१४ साली सुमित्राताईंनी काँग्रेसची मागणी अमान्य केली ती याच दंडकाच्या आधारे. त्या पक्षाचे ४४ सदस्य होते आणि ५५ लागत होते. परंतु १९७७ च्या ज्या कायद्याने विरोधी पक्षनेत्याला पगार, भत्ते आणि दर्जा दिला त्यात एक दशांशाचा उल्लेख नाही. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढीच व्याख्या आहे. म्हणजे अध्यक्षांना मान्यता देणे शक्य होते, असे माझे मत आहे. दहा वर्षे ते पद रिकामे राहिले आणि जून २०२४ मध्ये राहुल गांधींना मिळाले. केंद्रीय अन्वेषण विभागाचे संचालक, मुख्य माहिती आयुक्त, केंद्रीय दक्षता आयुक्त यांच्या निवड समित्यांवर विरोधी पक्षनेत्याला जागा आहे, म्हणून हे पद केवळ मानाचे समजू नये.

मावळंकरांच्या काळातली आणखी एक गोष्ट, जिची आठवण क्वचित काढली जाते. १९५३ साली लोकसभेत सरकारी आश्वासनांची समिती स्थापन झाली. मंत्र्याने सभागृहात ‘पाहतो’, ‘विचार करतो’, ‘माहिती घेऊन सांगतो’ असे म्हटले की त्याची आश्वासन म्हणून नोंद होते आणि तीन महिन्यांत ते पुरे करणे अपेक्षित असते. पिच्छा पुरवण्याचे यंत्र सत्तर वर्षांपासून तयार आहे. ते चालवणारे सदस्य कमी पडतात.

परदेशीपुरा

मी या चर्चेत उशिरा आलो. माझे वडील गिरणीत साच्यावर होते आणि दाजींच्या सभांना जायचे, एवढा माझा राजकारणाशी संबंध. वरच्या सर्व अभ्यासू मंडळींना एक साधा प्रश्न आहे.

हुकुमचंद मिल बंद पडली १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. कामगारांच्या थकलेल्या देण्याचा धनादेश निघाला २५ डिसेंबर २०२३ रोजी, सुमारे ४८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये. मधल्या तीस वर्षांत कितीतरी कामगार वारले, पैसे त्यांच्या बायकामुलांच्या हाती पडले. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी ते कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गव्हाच्या कोठीत ठेवले होते. वारसाचा दाखला, गिरणीचा बिल्ला, संघटनेच्या पावत्या, सगळे त्या पिशवीत. या तीस वर्षांत इंदूरने दोन्ही मोठ्या पक्षांची सरकारे पाहिली. त्यांच्यासाठी संसदेत कोणी काय करू शकले असते?

आणि आजचाही एक प्रश्न आहे. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन महिना १००० रुपये आहे आणि सप्टेंबर २०१४ पासून तो आकडा हललेला नाही. माझ्या ओळखीत ही रक्कम घेणारे अनेक जण आहेत. धागाकर्ते म्हणतात की तयार प्रश्न पाठवा, तर माझा प्रश्न असा : ‘योजनेतल्या म्हाताऱ्या माणसांची सरकारला काही काळजी आहे काय, आणि हजार रुपयांत महिना कसा काढायचा हे मंत्री महोदय सांगतील काय?’

माळवी_मराठी (धागाकर्ता)

परदेशीपुरा, आपल्या प्रतिसादाने चर्चा जिथे यायला हवी होती तिथे आली.

हुकुमचंद मिलची देणी हा न्यायालयापुढचा विषय होता आणि त्यात राज्य सरकारचा व महापालिकेचा संबंध अधिक होता. न्यायप्रविष्ट गोष्टीवर आणि मुख्यतः राज्याच्या अखत्यारीतल्या गोष्टीवर लोकसभेत प्रश्न स्वीकारला जात नाही. तिथे विधानसभेतल्या विरोधी सदस्याचे काम होते. पेन्शनचा विषय मात्र निखळ केंद्राचा आहे. श्रम मंत्रालय त्याला जबाबदार आहे आणि या योजनेच्या तिजोरीत केंद्र सरकार स्वतःचाही वाटा घालते.

आता आपल्या प्रश्नाविषयी. त्यातली तळमळ खरी आहे, पण हा प्रश्न सचिवालयातच अडेल. नियम ४१ प्रमाणे प्रश्नात युक्तिवाद, उपरोध किंवा आरोप चालत नाही, मंत्र्याचे मत विचारता येत नाही, आधी उत्तर मिळालेल्या बाबीची पुनरुक्ती करता येत नाही, आणि साधारणपणे १५० शब्दांची मर्यादा असते. शिवाय तो चुकून स्वीकारला गेलाच, तर मंत्री ‘सरकार निवृत्तांच्या कल्याणासाठी वचनबद्ध आहे’ असे सांगून मोकळे होतील. किमान पेन्शन वाढवणार काय, हा थेट प्रश्नही अनेकदा विचारून झाला आहे आणि त्याला ठरावीक उत्तर आहे. म्हणून मंत्र्याला आकडा, तारीख किंवा कालमर्यादा यांपैकी काहीतरी द्यावेच लागेल असा प्रश्न बांधायला हवा.

लेखी उत्तरे वाचायची सवय लागली की त्यांतल्या पळवाटा ओळखू येतात. प्रश्नाचे चार भाग असतील तर ‘(क) से (घ)’ असे चारही एकत्र बांधून एकच परिच्छेद देतात, त्यात दोन भागांचे उत्तर असते आणि अवघड दोन भाग गुपचूप गळून पडतात. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे दुसरे. तिसरे हिंदी प्रतीत नेहमी दिसते, ‘सूचना एकत्र की जा रही है और सभा पटल पर रख दी जाएगी’. हे वाक्य आले की सामान्य वाचक निराश होतो, पण जाणता सदस्य खूश होतो, कारण वडोदेकरांनी सांगितलेल्या समितीकडे त्याची आश्वासन म्हणून नोंद होते. तीन महिन्यांनी सदस्य विचारू शकतो की माहिती गोळा झाली का.

माझा मसुदा असा आहे :

श्रम आणि रोजगार मंत्री पुढील माहिती देतील काय :
(क) कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खाली दरमहा १००० रुपये किंवा त्याहून कमी पेन्शन घेणाऱ्यांची राज्यवार संख्या, आणि इंदूर क्षेत्रीय कार्यालयाच्या कक्षेतील संख्या;
(ख) सप्टेंबर २०१४ नंतर किमान पेन्शनच्या रकमेचा आढावा कोणकोणत्या तारखांना घेण्यात आला आणि प्रत्येक वेळी कोणता निर्णय झाला;
(ग) बंद पडलेल्या आस्थापनांच्या नोंदी न मिळाल्यामुळे प्रलंबित असलेल्या पेन्शन दाव्यांची संख्या आणि त्यांतील सर्वांत जुन्या दाव्याचे वर्ष;
(घ) असे दावे निकाली काढण्यासाठी कालमर्यादा ठरवली आहे काय. असल्यास ती कोणती, आणि नसल्यास त्याची कारणे?

रामबागकर, आपल्या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही यात आहे. हा प्रश्न आपल्या खासदारांकडेही अवश्य पाठवूया. ते मतदारसंघाचे प्रतिनिधी आहेत आणि तो त्यांचा पहिला मान आहे. पण सत्ताधारी सदस्याने तारांकित प्रश्न विचारला तरी ‘सर्वांत जुना दावा कोणत्या वर्षाचा’ या भागावर मंत्र्याला उपप्रश्नांनी कोंडीत पकडणे त्याला जड जाते. विरोधी सदस्याला ते जड जात नाही, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच आहे. दोघांनी विचारले तर उत्तमच.

रामबागकर

मसुदा वाचला. हे मान्य करायला मला अडचण नाही की (ग) भाग मी स्वतः विचारला नसता, आणि उत्तर यायलाच हवे असा तो भाग आहे. सत्ताधारी आणि विरोधी दोघांकडे पाठवायला माझी हरकत उरलेली नाही. एकच सूचना आहे. पत्रात कोणत्याही पक्षावर टीका असू नये. आणि ज्या विरोधी सदस्याला पाठवाल त्याने मागच्या अधिवेशनांत श्रम मंत्रालयाला काही प्रश्न विचारले आहेत का ते आधी पाहा. ज्याला विषयात रस नाही त्याच्या टपालात आपले पत्र पडून राहील. २००५ साली प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून निरनिराळ्या पक्षांच्या ११ खासदारांची हकालपट्टी झाली होती हे मी विसरलेलो नाही, म्हणून माणूस पारखून घ्यावा असे म्हणतो.

विधी_विद्यार्थिनी_इंदूर

शोध घ्यायचे काम मी करते. श्रम मंत्रालयाची १८व्या लोकसभेतली उत्तरे सदस्यांच्या नावांनुसार लावता येतात. महाराष्ट्रातले जे विरोधी सदस्य पेन्शनवर सातत्याने विचारतात त्यांना मराठीतच पत्र लिहिता येईल, शेवटी सूचना त्यांच्या कार्यालयातून हिंदीत किंवा इंग्रजीत जाईल. श्रमविषयक स्थायी समितीवर कोण कोण आहे तीही यादी काढते.

उपप्रश्नही आपणच सुचवायला हवेत. समजा मंत्री म्हणाले की समिती नेमली होती, तर समितीने अहवाल कोणत्या तारखेला दिला आणि तो सभागृहाच्या पटलावर का ठेवला नाही, असे विचारावे. समजा म्हणाले की निधीची तूट आहे, तर कोणत्या वर्षीच्या मूल्यांकनानुसार आणि किती, असे विचारावे. दोन्ही उपप्रश्न पत्राच्या मागच्या पानावर लिहून देऊ.

परदेशीपुरा

सर्वांचे मनापासून आभार. मसुदा मी आमच्याकडच्या चार निवृत्त मंडळींना वाचून दाखवला. त्यांनी एक उणीव दाखवली. (क) मध्ये फक्त पेन्शन घेणारे कामगार येतात. ज्यांचा नवरा वारला आहे आणि ज्यांना विधवा पेन्शन मिळते त्यांचा वेगळा आकडा मागायला हवा, कारण सर्वांत कमी रक्कम बहुधा त्यांच्याच हाती पडते.

माळवी_मराठी (धागाकर्ता)

सूचना अगदी योग्य आहे. (क) मध्ये ‘त्यांपैकी विधवा पेन्शन घेणाऱ्यांची स्वतंत्र संख्या’ हे शब्द घातले, तरी मसुदा १५० शब्दांच्या आत बसतो. विद्यार्थिनीताईंची यादी आली की पत्रे पाठवू, एक प्रत आपल्या खासदारांच्या इंदूर कार्यालयात हातोहात देऊ. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की प्रश्नाच्या सूचनेसाठी १५ दिवस हाताशी राहतील अशा बेताने हे काम उरकायला हवे. ज्या सदस्याच्या नावावर प्रश्न लागेल त्याचा क्रमांक, उत्तर आणि उत्तरातून गळलेले भाग याच धाग्यावर नोंदवत जाईन.